शनिवारी तापणारं बॉनेट

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतात तसली नव्हे. माझे दिवे परातीएवढे आहेत आणि मागच्या सीटवरचा माणूस ड्रायव्हरशी बोलायचा तो नळीतून. हे सांगताना मी जरा ताठते, त्याला माझा इलाज नाही. पनवेलमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझं निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. ज्या गोष्टीमुळे तिथल्या भावाबहिणीची ताटातूट झाली, ती माझ्याच अंगावर घडत होती. मला तोंड असतं तर मी ती तेव्हाच सांगितली असती.

विलायतेतल्या एका कारखान्यात आम्ही दोघी बहिणी बरोबरीनंच तयार झालो. सह्याद्रीच्या माथ्यावर एक लहानसं संस्थान होतं. तिथल्या राजेसाहेबांनी जोडी मागवली होती, एक स्वतःसाठी आणि एक राणीसाहेबांसाठी. कारागिरांनी हातोडीनं पत्रा ठोकून आमची अंगं घडवली. एकीचा भाग दुसरीला लागू नये म्हणून ते प्रत्येक भागावर ज्या त्या मोटारीचा नंबर ठोकत, अगदी बॉनेटच्या बिजागरीखालीसुद्धा. आम्ही एकाच बोटीतून आलो. बहीण माझ्याहून धीट होती. घाटात ती पुढे पळायची आणि मी तिच्यामागे धूळ खात जायची. मला त्याचा राग यायचा, पण ती दिसेनाशी झाली की करमायचंही नाही.

एका शनिवारी सकाळी तिला एकटीलाच बाहेर काढलं. तुळशीराम ड्रायव्हर तिला घेऊन घाट उतरू लागला. एका डाव्या वळणावर ती घसरली, दरीत गेली आणि पेटली. दोघंही परत आले नाहीत. बैलगाडीतून परत आलं ते फक्त तिचं बॉनेट, उडून बाजूला पडल्यामुळे वाचलेलं. माझ्या बॉनेटवर त्याआधी दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीनं पाय दिला होता. राजेसाहेब काटकसरी माणूस. त्यांनी बहिणीचं बॉनेट मला बसवलं, वरून नवा रंग दिला आणि विषय संपवला.

विषय त्यांचा संपला. पुढच्या शनिवारी सकाळी मी उभ्या जागी तापू लागले. इंजिन थंड होतं, मोटारीत कुणी नव्हतं. आधी पुढची सीट कुणीतरी बसल्यासारखी दबली. मग स्टिअरिंग हळूच डावीकडे फिरलं आणि थांबलं. त्यानंतर बॉनेट असं तापलं की रंगाचा वास सुटला. दुपारपर्यंत सगळं निवलं. मला फार भीती वाटली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतरचा एकही शनिवार चुकला नाही. राजवाड्यात मोटारी रोज फिरत, त्यामुळे एखादीचं बॉनेट गरम लागलं तर कुणाला त्याचं नवल वाटायचं नाही. मला मात्र कळलं होतं की आता मी एकटी नाही.

संस्थान विलीन झालं तेव्हा राजेसाहेबांनी मला डॉक्टर एलियास आपटेकरांना देऊन टाकलं. डॉक्टरांनी युवराजांना विषमज्वरातून वाचवलं होतं. आपटेकर म्हणजे बेने इस्राएल, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी यहुदी. मूळ गाव पाताळगंगेकाठचं आपटा. पनवेलला माझं फार कौतुक झालं. डॉक्टर रोग्याला पाहायला मला घेऊन निघाले की लोक म्हणत, आता माणूस वाचला.

या घरात शब्बाथ कडक पाळत. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटत नसे, दिव्याला हात लागत नसे. मोटार सुरू करणं म्हणजेही ठिणगी, म्हणजे विस्तवच. म्हणून शनिवारी सगळे सिनेगॉगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, चालत जात आणि मी शेडमध्ये उभी असे. मी उभी असे आणि आत तापत असे.

डॉक्टरांना दोन मुलं होती, थोरली जोकबेद आणि धाकटा जुडाह. जुडाहचा माझ्यावर जीव होता. डॉक्टरांनी त्याला मोटार चालवायला शिकवली आणि एक चावी त्याच्याजवळ दिली. एका शनिवारी सिनेगॉगला निघताना जोकबेद शेडमध्ये विसरलेली शाल घ्यायला आली. वाकताना तिचा तळहात बॉनेटला टेकला आणि तिनं तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. ती सरळ वडिलांकडे गेली.

डॉक्टर आले, त्यांनीही हात लावून पाहिला आणि जुडाहला हाक मारली.

"गाडी काढली होतीस?"

"नाही, पप्पा."

"इथे ऊन येत नाही. मग बॉनेट तापलं कशानं?"

"मला नाही माहीत. पण मी नाही काढली."

"शब्बाथ मोडलास तो मोडलास, वर माझ्या तोंडावर खोटं बोलतोस?"

डॉक्टरांनी चावी काढून घेतली. जुडाह बहिणीकडे वळला. "ताई, तुला तरी खरं वाटतं ना?" जोकबेद शाल सावरत सिनेगॉगच्या वाटेला लागली. त्या वर्षी बरीच बेने इस्राएल घरं इस्राएलला जात होती. त्यांच्यातल्याच एका घराबरोबर जुडाह गेला तो गेलाच.

जाण्याआधी त्यानं मला धुऊन पुसून चकचकीत केलं. माझ्यामुळे त्याचं घर सुटत होतं आणि तो माझ्या काचा पुसत होता. मी आतून तुटले, मित्रांनो. माझ्याकडे हॉर्न होता, पण तो कुणीतरी दाबावा लागतो.

तो गेल्यावर डॉक्टरांनी एक नियम केला. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत शेडला कडी लागायची, ती रविवारी निघायची. शनिवारी मोटारीकडे कुणी फिरकायचंसुद्धा नाही. शब्बाथ राखण्यासाठी केलेली ही सोय, पण तिच्यामुळे त्या घरात कुणालाच कधी कळलं नाही की जुडाह निघून गेल्यावरही मी दर शनिवारी तापत होते. बंद दाराआड सीट दबे, स्टिअरिंग फिरे, आणि बाहेरच्या रस्त्यानं ही मंडळी प्रार्थनेला जात.

डॉक्टर गेले. मी चालायची बंद झाले, टायर बसले, उंदरांनी गादीत घर केलं. जोकबेदचं लग्न झालं, मुलगी झाली, पुढे नवरा वारला आणि ती पुन्हा याच घरात राहायला आली. तिनं वडिलांचा नियम सोडला नाही. जुडाहचा फोन वर्षातून एकदा, यहुदी नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी यायचा. जोकबेदचं बोलणं ठरलेलं. "एकदा कबूल कर, मग माझ्या मनात काही नाही." तो म्हणायचा, "न केलेलं कसं कबूल करू, ताई?" मग फोन ठेवला जायचा.

यंदा तिथून जुडाहच्या मुलाचा, यायरचा निरोप आला की पप्पा हॉस्पिटलमध्ये आहेत आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. त्या दिवशी जोकबेद शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली. "खोटं मनात ठेवून चाललाय माझा भाऊ," ती स्वतःशीच म्हणाली. म्हातारपणात तिला एवढंच हवं होतं की त्यानं जाण्याआधी खरं सांगावं.

त्याच सुमारास घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. मला एका संग्रहालयानं मागितलं, पण त्यांना माझा इतिहास हवा होता. जोकबेदची मुलगी आदिना खारघरच्या कॉलेजात शिकवते. तिनं विलायतेच्या कारखान्याची जुनी दप्तरं सांभाळणाऱ्यांना विचारलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं.

"आई, असल्या फक्त दोनच बनल्या होत्या," आदिना धावत येऊन म्हणाली. "एक घाटात जळाली. ही जगात एकटीच उरलीय. पण ते म्हणतात, सगळे नंबर चेक करा, तेव्हाच नक्की सांगता येईल."

काम कळंबोलीच्या निनाद मेकॅनिककडे गेलं. त्याआधी शेड झाडायला घरकामाच्या गुणाबाईला सांगितलं, तर ती उंबऱ्यावरच थांबली. "मी नाय जानार आत. जललेला वास येतं तिथं." जोकबेद म्हणाली, जुन्या तेलाचा असेल. शेवटी आदिनानंच झाडू हातात घेतला.

निनादनं बॉनेट उतरवलं आणि बिजागरीखालचा रंग खरवडला. "मॅडम, चासीचा नंबर तुमच्या कागदाशी जुळतो. बॉनेट मात्र दुसऱ्या गाडीचं आहे. त्या जळालेल्या." इंजिनवरचा नंबर गंजानं भरला होता, म्हणून ते साखळीनं उचलून त्यानं टेम्पोत घातलं आणि वर्कशॉपला नेलं. जाताना बॉनेट पुन्हा बसवून गेला. माझं पोट रिकामं झालं. बॉनेट उचललं की खाली जमीन दिसायची.

आदिनाला सुट्टी शनिवारची. नंबरांचे फोटो पाठवायचे होते, म्हणून ती सकाळीच आली. कडी काढू नकोस म्हणून जोकबेद कुरकुरली, पण लेक ऐकते थोडीच. फोटोसाठी वाकताना आदिनानं एक हात बॉनेटवर टेकला आणि ओरडलीच.

"आई, इकडे ये. लवकर."

जोकबेद काठी टेकत आली. शेडमध्ये गारवा होता, बाहेर ढग होते. तिनं बॉनेटवर हात ठेवला आणि या वेळी तो मागे घेतला नाही. "निनाद येऊन गेला का? चालू केली का कुणी?" तिनं विचारलं.

"चालू काय करणार? इंजिन कळंबोलीला आहे." आदिनानं साडीचा पदर हाताला गुंडाळून बॉनेट उचललं. आत काहीही नव्हतं. पुढची सीट तेव्हा दबलेलीच होती. दोघींच्या डोळ्यांसमोर स्टिअरिंग डावीकडे फिरलं. आदिना आईला घट्ट बिलगली. जोकबेद मात्र तिकडे बघतसुद्धा नव्हती.

"यायरला फोन लाव," ती म्हणाली.

"आई, तुझा शब्बाथ आहे. चांदण्या दिसल्या की लावते."

"लाव म्हणते ना."

उभ्या जन्मात या बाईनं शनिवारी काडी ओढली नव्हती. तिनं फोन स्वतःच्या हातात घेतला. यायर शब्बाथ पाळत नाही, त्यानं लगेच उचलला आणि वडिलांच्या कानाशी धरला.

"जुडाह, गाडी तू काढली नव्हतीस."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "ताई, आज शनिवार आहे ना? ठेव फोन."

"नाही ठेवत," जोकबेद म्हणाली.

मग ती माझ्या पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. तो तिची समजूत काढत होता.

पुढचा शनिवार जुडाहनं पाहिला नाही.

संग्रहालयाचे लोक म्हणतात, बॉनेट नवं घडवून बसवू, म्हणजे मोटार अस्सल होईल. जोकबेदनं त्यांना साफ नकार दिलाय. मित्रांनो, तुम्हालाही माझं तेच मागणं आहे, आम्हा बहिणींना वेगळं करू नका. आणि आणखी एक. मोटार जपायला तेल लागतं, फडकं लागतं, ते कुणीही आणून देईल. पण तुमच्या घरात कुणी "मी नाही केलं" असं सांगत असेल, तर दार उघडून आत जाऊन बघा. आणि त्याचं खरं निघालं, तर त्याला सांगायला संध्याकाळ होण्याची वाट बघू नका.