कडूमास्तरांची जीभ

आमच्या अंगणातलं ल्युपिन बघून रस्त्याने जाणारी माणसं थांबतात. कमरेइतकी झाडं, निळ्या-पांढऱ्या फुलांचे उभे तुरे, बोटं फाकलेल्या पंजासारखी पानं. "काय सुंदर आहे हो!" म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. फुलं गळली की लवदार, जाड शेंगा धरतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

त्या शेंगांतले दाणे खाता येतात, पण त्यांची मिजास फार. आधी भिजवायचे, मग उकळायचे, मग सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत आठवडाभर बुडवून ठेवायचे. तेव्हा कुठे कडूपणा उतरतो, आणि विष त्या कडूपणातच असतं. तो उतरला की नाही हे जीभच सांगते. आमच्या घरात ती जीभ माझ्या सासऱ्यांची. निकाल एकाच जिभेने द्यायचा हा त्यांचा कायदा. चार जणांनी चाखलं की नुसते वाद होतात, असं ते म्हणायचे. गल्लीतली माणसंसुद्धा आपापल्या वाट्या घेऊन त्यांच्याकडे यायची. ते एक दाणा सोलून दाढेखाली फोडायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि सांगायचे, "अजून दोन पाणी." गल्लीने त्यांचं नाव कडूमास्तर ठेवलं होतं. मूळचे ते घड्याळं दुरुस्त करणारे. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद पडलं आणि मग मिरवायला एवढी जीभच उरली.

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. मला मात्र संशय आला होता आणि तो मी गिळून टाकला, हे आधीच कबूल करते. एका सकाळी माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. बाबा तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि वर म्हणाले, "आज फक्कड झालाय." मी हसले. शेजारणीला सांगून तिलाही हसवलं.

या खेपेला तिसऱ्याच दिवशी त्यांनी निकाल दिला. "झाले. काढ बाहेर."

"बाबा, इतक्या लवकर?"

"या वर्षीचं बीच गोड निघालंय. तू मला शिकवणार?"

मला शेंगदाणा चालत नाही आणि हे त्याचंच भावंड, म्हणून मी ते दाणे तोंडाला लावत नाही. पण शेजारणीला हाक मारून एक दाणा चाखायला लावता आला असता. नाही लावला. खरं सांगू? ओट्यावर ठाण मांडून बसलेल्या त्या पातेल्यांचा मला वीट आला होता. पातेली मोकळी झाली म्हणून मी खूश होते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा डबा बाबांनी स्वतःच्या हाताने भरला, मीठ लावून, अगदी काठोकाठ.

माझा नवरा टॉवर क्रेन चालवतो. सव्वीस मजल्यांच्या उंचीवर काचेची एक केबिन, त्यात हा एकटा. शिडीने खाली यायला वीस मिनिटं लागतात, म्हणून सकाळी चढला की जेवणही वरच.

दुपारी दीडला साइटच्या मुकादमाचा फोन आला.

"वहिनी, घाबरू नका," तो म्हणाला, म्हणजे घाबरण्यासारखंच काहीतरी होतं. "त्याला एकाचे दोन दिसतायत. हूकही दोन, शिडीही दोन. तोंड कोरडं पडलंय, पायांत जीव नाही म्हणतो. काही आजार होता का त्याला?"

"डबा खाल्ला का त्याने?"

"अर्धा खाल्लाय म्हणे. पित्त झालंय म्हणतो, पोट रिकामं ठेवायला नको म्हणून उरलेला खातोय."

"त्याला म्हणावं, आता एकही दाणा खाऊ नकोस!" मी फोनवर ओरडले. मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत चालला होता. मी चपला त्यांच्या पायांशी ढकलल्या आणि रिक्षा थांबवली.

साइटवर सगळे माना वर करून उभे होते. क्रेनच्या हुकाला लोखंडी सळयांचा जुडगा लटकत होता, त्याच्याखालून माणसं हटवली होती. मुकादम वॉकीटॉकीवर गयावया करत होता, "अरे, ऐक ना! अग्निशमनवाले निघालेत. वीस मिनिटं थांब!"

"वीस मिनिटांत मी खाली येतो," नवऱ्याचा आवाज आला. जीभ जड झाली होती. "ऊन लागलंय, दुसरं काही नाही. इथे बसलो तर चक्कर येऊन पडेन."

वर केबिनचं दार उघडलं. तेवढ्या लांबूनही मला त्याचा एक पाय बाहेर आलेला दिसला. पाय पायरी शोधत होता आणि ती त्याला सापडत नव्हती.

मी वॉकीटॉकी ओढून घेतला. "आत जा! दाण्यांनी झालंय ते! कडू राहिलेत, विषबाधा झालीय तुला. एकही दाणा खाऊ नकोस आणि शिडीला हात लावू नकोस!"

"तू आणि तुझा संशय," तो म्हणाला. एवढ्यातही हसला. "बाबांनी चाखलेत. बाबा झाले म्हणाले म्हणजे झाले. उतरतोय मी."

तो माझं ऐकणार नव्हता. आयुष्यभर जे एकाच्याच जिभेवर सोडलं, ते तो आता बायकोच्या ओरडण्यावर कसं सोडणार? मी वळून बाबांच्या पुढ्यात वॉकीटॉकी धरला.

"सांगा त्याला."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहितीये काय ते. मलाही माहितीये. मिठाचा चहा प्यायलात तेव्हापासून माहितीये. सांगा, नाहीतर आज तुमचा मुलगा तुमच्या समोर खाली पडेल!"

इतक्या लोकांत सासऱ्यांवर मी कधी ओरडले नव्हते. बाबांच्या बोटांना बटण दाबता येईना. मी माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर दाबला. वॉकीटॉकी साइटवर सगळ्यांच्या कमरेला होते. बाबा बोलले ते सगळ्यांच्या कमरेतून ऐकू आलं.

"अरे... ते दाणे झालेले नाहीत. मला कळत नाही रे. कडू कळत नाही, गोड कळत नाही, काही कळत नाही. थंडीपासून माझी जीभ मेलीय. मी अंदाजाने झाले म्हणालो. तू आत बस. माझं ऐकून खाल्लंस, आता माझं ऐकून आत बस."

सगळ्यांनी पुन्हा माना वर केल्या.  तो पाय थोडा वेळ तसाच लोंबकळला आणि मग सावकाश आत गेला. केबिनचं दार लागलं. मी तिथेच विटांच्या ढिगावर बसले.

अग्निशमनवाले आले, चढले. त्याला पट्ट्यांनी स्ट्रेचरला बांधून दोरांवरून खाली सोडायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बाबा एकदाही बसले नाहीत. मी त्यांना पाणी दिलं नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

स्ट्रेचर जमिनीला टेकलं. त्याच्या डोळ्यांत नुसतं काळंच दिसत होतं, बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, त्याच्यासोबत खाली आणलेल्या डब्यातला दाणा पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "वेळेवर आलात. नजर एक-दोन दिवसांत येईल जागेवर. शिडीवरून निघाला असता तर मात्र काही खरं नव्हतं."

बाबा त्याच्यावर वाकले. "मला माफ कर रे."

तो आवाजाच्या दिशेने चाचपडला. त्याच्या हाती बाबांची बाही लागली.

"पहिलाच दाणा कडू लागला होता, बाबा."

बाबांना कळेना. "मग थुंकला का नाहीस?"

"संध्याकाळी घरी आलो की तुम्ही विचारता ना, कसे झालेत म्हणून." त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "कडू होते म्हणून टाकले, हे तुम्हाला कसं सांगणार होतो?"

अग्निशमनवाल्यांनी स्ट्रेचर रुग्णवाहिकेत ढकललं. मी मागोमाग चढले. बाबांची बाही अजून त्याच्या मुठीत होती. डॉक्टरीणबाईंना ती सोडवता येईना, म्हणून मग त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीही चढा."