रिपोर्ट येईपर्यंत

भिंगरीचं डोकं दुखायला लागलं आणि तिचा बाबा घरी परतला. पाच महिने तो बहिणीकडे राहत होता. येताना एकच बॅग आणली, तीही उघडून कपाटात लावली नाही. "रिपोर्ट येईपर्यंत आहे," तो दारातच म्हणाला. भिंगरीच्या आईने "बरं" म्हटलं आणि भाजीत पाणी वाढवलं.

सात वर्षांची पोर शाळेत डोकं धरून बसते, ओकते, म्हटल्यावर डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला होता. भूल द्यायची नसेल तर बराच वेळ न हलता पडून राहायला हवं. आणि ही तर झोपेतसुद्धा पलंगभर फिरणारी.

"आत एकालाच बसता येतं," मशीनवरची ताई म्हणाली. "कोण हवं? आई की बाबा?"

"दोघं."

"अगं, मशीनमध्ये चाललीयेस की लग्नाला?"

"दोघं नसले तर मी हलणार. मुद्दाम."

ताईने कपाळावर हात मारला आणि आणखी एक लाकडी स्टूल आत नेलं.

चुंबकाजवळ धातूचं काही न्यायचं नव्हतं. बाबाचं घड्याळ, पट्टा, किल्ल्या, आईच्या केसांतल्या पिना, कानातलं, सगळं एकाच ट्रेमध्ये पडलं. त्याच्या जुडग्यात घराची किल्ली नव्हती. तिने बघायला नको होतं, पण नजर गेलीच.

ताईने भिंगरीच्या डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट बसवली. डोळ्यांवर तिरका आरसा आला.

"यात काय दिसतंय?"

"आई आणि बाबा."

"मग त्यांच्याकडेच बघत राहा. तू हललीस की फोटो बिघडला."

मशीन ठोकाठोक करू लागलं. कानांत बोळे असल्यामुळे बोलायची सोय नव्हती, म्हणजे भांडायचीही नव्हती. बाबाचा खांदा आईच्या खांद्याला लागला आणि त्याने तो काढून घेतला नाही. कोपऱ्यात जागाच तेवढी होती, हे तिला कळत होतं. तरी तीही सरकली नाही. आत पोर दगडासारखी पडून होती.

बाहेर काढल्यावर भिंगरी म्हणाली, "संपलं? अजून एकदा करा ना."

"असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतेय बाई," ताई हसली. आईला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला बाहेर खेळण्यांपाशी बसवून दोघं डॉक्टरांच्या खोलीत गेले. पडद्यावर मेंदूचे करडे काप एकामागून एक सरकत होते.

"गाठ नाही, सूज नाही, पाणी साचलेलं नाही. अगदी स्वच्छ."

बाबाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात काढले तेव्हा डोळे ओले होते.

"पण दुखणं खोटं नाही बरं का," डॉक्टर म्हणाले. "त्याचं कारण चित्रात दिसत नाही, एवढंच. घरात काही चाललंय का?"

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले. वर्षभरात एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं.

तो डोळे पुसत उठला. खिशातून फोन काढला. "माझ्या ताईला कळवतो. संध्याकाळी जेवायला तिकडेच येतोय म्हणून."

खरं तर आईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. ती मात्र पडद्याकडे झुकली.

"डॉक्टर, पुन्हा एकदा नीट बघता का? बारीकसं काही असेल. नजरेतून सुटलं असेल."

"अहो, काही नाहीये. आनंदाची गोष्ट आहे ही."

"तसं मोठं नाही म्हणत मी. औषधाने बरं होण्यासारखं. थोडे दिवस लागतील असं."

डॉक्टरांचा माऊसवरचा हात थांबला. नवऱ्याने फोन हळूच खाली घेतला.

"तुला काही निघायलाच हवं होतं?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. दाराबाहेर कुठलंसं खेळणं खुळखुळत होतं. डॉक्टर आणि नवरा, दोघंही तिच्याकडे बघत थांबले.

मग डॉक्टरांनी पडदा बंद केला आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.