सोमवारचं मरण

निशांत तिसऱ्यांदा मेला तेव्हा ऋषीने "कट" म्हणायच्या आधीच यार्डातल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. तो तापलेल्या काँक्रीटवर पालथा पडून होता. गालाखाली लाल रंग सुकून ताणायला लागला होता आणि नाकात डिझेलचा वास भरला होता. त्याच्या डोक्यावर, पंधरा फुटांवर, क्रेनने धरलेला निळा कंटेनर स्थिर होता.

"पडलास छान," ऋषी छत्रीखालून म्हणाला. "पण त्याआधी जरा मस्तीत चाल ना. शीळ वगैरे घाल. हा माणूस बेफिकीर आहे, काय?"

"हा माणूस गाढव आहे," निशांत उठत म्हणाला. "या स्क्रिप्टमध्ये तो दुसरं काहीच नाही."

"मग गाढव कर. पण जेवणाच्या आत संपव."

ऋषीने आजवर साबणाच्या विक्रेत्यांच्या मेळाव्यांच्या आणि सोसायट्यांच्या उद्घाटनांच्या फिल्म केल्या होत्या. स्क्रिप्ट लिहिलं होतं यार्डाचे ट्रेनिंग ऑफिसर सुधीर टिपणीस यांनी. पानभर मजकुरात 'दुर्लक्ष' हा शब्द नऊ वेळा होता आणि त्यातल्या चार वेळा चुकीचा लिहिलेला होता. न्हावा शेव्याच्या बंदरात उतरलेला माल या खासगी यार्डात येऊन थप्प्यांनी रचला जाई, आणि इथे भरती होणाऱ्या प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशी दाखवायला टिपणीसांना पंधरा मिनिटांची सेफ्टीची फिल्म हवी होती. एक कामगार हेल्मेट न घालता, गाणं गुणगुणत, टांगलेल्या कंटेनरखालून जातो आणि मरतो. बाराशे शब्दांच्या स्वगतासाठी राज्य नाट्यस्पर्धेत रौप्यपदक घेतलेल्या निशांतला यात वाक्य एकच होतं. "अरे, कुछ नहीं होता यार!"

चौथ्या वेळी त्याने ठरवलं, या लोकांना हवं तेच द्यायचं, पोट फुटेस्तोवर द्यायचं. तो कंबर उडवत आला. शीळ घातली. कंटेनरकडे बघून डोळा मारला. मग वरून काही कोसळल्याचा अभिनय करताना त्याने स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतली, एक हात आभाळाकडे फेकला, गुडघ्यावर आला, छातीवर हात ठेवला आणि हिंदी सिनेमातल्या दुय्यम मित्रासारखा सावकाश कलंडला. ही सगळ्यांची टर होती. क्रेनवाल्याची, टिपणीसांची, या उन्हाची, आणि पूर्वी आपल्याबरोबर तालमी करून आता सिरियलमध्ये दिवाणखान्याच्या जिन्यावरून उतरणाऱ्या सगळ्या मित्रांची. निदान ऋषीला तरी ती कळेल असं त्याला वाटलं होतं.

"ओके!" ऋषी ओरडला. "फँटॅस्टिक. हाच ठेवू."

निशांतने गालावरचा रंग पुसला आणि मनातल्या मनात सगळ्या यार्डावर थुंकला.

त्यानंतर सहा महिने ती फिल्म त्याला आठवलीही नाही. तो ऋताच्या नव्या नाटकाच्या तालमीत होता. ऋता प्रायोगिक नाटकं बसवायची आणि तिच्याबद्दल निशांत जरा कमी वाईट बोलायचा. वाशीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी बाकं बाजूला सारून तालीम चाले. बँकेतून दमून आलेली मुलं वाक्यं विसरत, आणि ती विसरली की निशांत त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दाखवी. हसू सगळ्यांना येई, फक्त ज्याची नक्कल झाली तो दुसऱ्या दिवशी येत नसे. पाचवा माणूस यायचा थांबला तेव्हा ऋताने निशांतला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"तुझ्याइतकं चांगलं यातलं कोणीच करत नाही," ती म्हणाली. "पण तुला यातलं कोणीच आवडत नाही. तू करतोयस ती माणसंसुद्धा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दुसऱ्याला घेतलंय. सॉरी."

त्याच आठवड्यात टिपणीसांचा फोन आला. आगीपासून बचावाची दुसरी फिल्म करायची होती आणि त्यांना तोच माणूस हवा होता. स्मिता, त्याची बायको, टेलिफोन खात्यात नोकरी करायची. नाटकापायी घरात पैसा येत नाही यावरून बारा वर्षं ती त्याला काहीच म्हणाली नव्हती, आणि त्या दिवशीही फोन त्याच्या हातात देऊन ती भाजी निवडायला बसली. निशांत हो म्हणाला.

सोमवारी सकाळी तो बेलापूरहून उरणच्या बसने यार्डात पोचला. ट्रेनिंगच्या खोलीत तीसेक नवी पोरं बसली होती. कोणी जालन्याचा, कोणी पनवेलजवळच्या गावांतला, कोणी बिहारचा. सगळ्यांच्या मांडीवर पिवळी हेल्मेटं होती. टिपणीस त्याला बघून खूशच झाले.

"या, या! बसा मागे. तुमचाच खेळ चालू होतोय."

टीव्हीवर फिल्म सुरू झाली. निशांतने ती कधी पाहिली नव्हती. स्वतःला कंबर उडवत येताना पाहून त्याचे कान तापले. पण पडद्यावरच्या त्याने डोळा मारला आणि खोलीत खसखस पिकली. गिरकीला शिट्ट्या आल्या. तो छातीवर हात ठेवून कलंडला तेव्हा पोरं बाकं बडवत होती आणि मागून कोणीतरी "वन्स मोअर!" म्हणून ओरडलं. निशांतला वन्स मोअर मिळाल्याला किती वर्षं झाली होती? मिळाला तरी होता का कधी? त्याला या पोरांची कीव करायची होती, पण त्याच्या ओठांवर हसू आलं होतं आणि ते जाईना.

"बघितलंत?" टिपणीस त्याच्याकडे झुकून म्हणाले. "एक जण झोपत नाही. पुढच्या सोमवारी परत या. फिल्मनंतर दोन मिनिटं समोर उभे राहा, त्यांना काहीतरी करून दाखवा. तुम्हाला समोर बघून खूश होतील. मग आगीचं पक्कं करू."

खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये चहाचं टेबल होतं. पांढऱ्या साडीवर कंपनीचा निळा कोट घातलेली एक चाळिशीची बाई कपात चहा ओतत होती. तिने निशांतला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का ते?"

"कोण ते?"

"दर सोमवारी मरतात ते."

निशांत हसला. "हो, मीच. बघितली का फिल्म, मावशी?"

"एकदा बघितली. बास झालं."

"का? आवडली नाही?" त्याने विचारलं. आतल्या शिट्ट्यांनी तो अजून फुललेला होता.

बाईने किटली खाली ठेवली आणि टेबलावर सांडलेला चहा फडक्याने टिपून घेतला.

"माझा नवरा व्हता तो," ती म्हणाली. "सिताराम. हितंच, त्या चार नंबरच्या लायनीत. दोन वर्सं झाली."

आतून पोरांचं हसणं अजून ऐकू येत होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं. रंगमंचावर अशा वेळी काय करतात ते त्याला सगळं माहीत होतं. इथे यातलं काही चालणार नव्हतं.

"मला सांगितलं नव्हतं कोणी," तो म्हणाला.

"तुमाला कशाला सांगतील?" ती कप मांडत राहिली. "शीळ न्हाई घालायचा तो. त्याला येतच नव्हती. वाजवाया गेला की नुस्ता वारा."

"मग झालं कसं?"

तिने पॅसेजच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"मुकादमानं बोलावलं. क्रेनचा डबा वर हेलकावे खात व्हता, हातानं धर म्हनला. त्याच्यासंगं काम करनारा दिलीप बाजूलाच व्हता, त्यानं सांगितलं मला. यानं वर बघितलं. जाऊ का नको, असा उभा राहिला. मुकादमानं परत हात केला. मग गेला."

"पण फिल्ममध्ये तर तो..."

"मला काय इचारता? तुमीच केलंय की."

तिच्या आवाजात राग नव्हता. सडकी मेथी परत टोपलीत टाकावी तसं तिने ते वाक्य टाकलं आणि पुढचा कप भरला. निशांतने आयुष्यात इतक्या लोकांना तुच्छ लेखलं होतं, पण इतक्या कमी श्रमात कधी नाही.

"तुम्ही हे कोणाला बोलला नाहीत?"

"कागदावर त्याचीच चूक लिवली. माझी सही घेतली आन् चहाची नोकरी दिली. पोरगी शिकतीया." ती थांबली. "मी, भिमाबाईनं, हे सांगितलं असं कुटं बोलू नका."

"नाही बोलणार."

त्या आठवड्यात निशांत घरातून फारसा बाहेर पडला नाही. खोलीतली खाट त्याने भिंतीला लावली आणि मधल्या मोकळ्या जागेत तो उभा राहत होता. नुसता उभा. शीळ न येणारा माणूस कसा चालतो? बोलावल्यावर थांबणारा, पण नाही म्हणता न येणारा माणूस पायांवर वजन कसं ठेवतो? पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की तो सितारामला गरीब करतोय, मान खाली घालतोय, प्रेक्षकांकडून कणव मागतोय. त्याला स्वतःची शिसारी आली. त्या माणसाला रोजचं काम येत होतं. लोंबकळत्या डब्याखाली जायचं नसतं हे त्याला टिपणीसांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने वर बघितलं.

"नवीन नाटक?" स्मिताने एकदा दारातून विचारलं.

"नाही. मिनिटभराचं काम आहे."

"त्याला चार दिवस?"

"कमी पडतायत," निशांत म्हणाला. ती आत गेली आणि तिने ओट्यावरचा रेडिओ बंद केला.

सोमवारी पोरं नवी होती. फिल्म तीच होती, शिट्ट्याही त्याच. निशांत या वेळी पडद्याकडे न बघता भिंतीला टेकून उभा राहिला. भिमाबाई चहाचा ट्रे घेऊन आली होती, आणि फिल्ममधला तो शीळ घालत आला तशी ती ट्रे घेऊनच पॅसेजमध्ये गेली.

"तर मित्रांनो," टिपणीसांनी टीव्ही बंद करून टाळी वाजवली, "आपले हिरो खुद्द इथे आलेत! करा, करा काहीतरी."

पोरं ओरडली. "गिरकी! गिरकी मारा!"

निशांत पुढे गेला. त्याने पहिल्या बाकावरच्या एका मुलाच्या मांडीवरचं हेल्मेट मागून घेतलं आणि ते डोक्यावर घालून पट्टा हनुवटीखाली नीट लावला. दोघंतिघं हसले. त्याने खाली वाकून कशाचं तरी टोक ओढून पाहिलं, ते पक्कं आहे अशी खात्री केली, हात पँटला पुसले. मग त्याने मान वळवली. कोणीतरी हाक मारली होती.

तो त्या दिशेने दोन पावलं गेला आणि थांबला. वर बघितलं. वर जे होतं ते हलत होतं. त्याची नजर त्याच्याबरोबर इकडून तिकडे गेली, परत आली. हसणं कुठेतरी मधेच संपलं होतं. त्याने वरून नजर काढून समोर बघितलं, हाक मारणाऱ्याकडे, आणि हाताने वर दाखवलं. डबा हलतोय, एवढंच. तिकडून काय उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावर आलं. ते घाबरवणारं नव्हतं. रोज येणारं होतं. त्याने ओठ मिटले, उजव्या पायावरचं वजन डाव्यावर घेतलं, आणि तेवढ्या वेळात त्या खोलीतल्या तीस जणांना कळलं की हा माणूस नाही म्हणू शकतो आणि म्हणणार नाही.

मग तो तीन पावलं पुढे गेला, दोन्ही हात वर करून ते पकडायला. आणि तिथेच थांबला. पडला नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच निशांत तिची वाट बघत नव्हता. त्याने हात खाली घेतले आणि हेल्मेट काढून ज्याचं होतं त्याला दिलं.

"हे... हे काय होतं?" टिपणीस जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "स्क्रिप्टमध्ये नाही हे. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. मी नट आहे. मनाने केलं."

"मग आगीच्या फिल्मचं विसरा."

"बरं," निशांत म्हणाला.

टिपणीस वळले आणि त्यांनी उसनं हसू आणलं. "ठीक आहे, मित्रांनो! मुद्दा काय, तर दुर्लक्ष करायचं नाही. चला, चहा घेऊ या."

कोणी उठलं नाही. ज्याचं हेल्मेट निशांतने घेतलं होतं तो मुलगा, जालन्याकडचा असावा, हेल्मेटच्या आतल्या पट्ट्या चाचपत बसला होता. मग त्याने शाळेत करतात तसा हात वर केला.

"साहेब," तो म्हणाला, "त्याला बोलावलं कोनी व्हतं?"