पडद्यावरचा नकार

सभागृहाचं दार उघडायच्या आधीच रांग वळसा घेऊन मागच्या गल्लीत शिरली होती. रांगेतल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतं. कुणाचा नवरा, कुणाची आई. एका म्हाताऱ्या गृहस्थांची तर बायको आणि मुलगी दोघीही. तरी रडारड नव्हती. माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती, कारण आत त्यांना आपलं माणूस भेटणार होतं.

ताईनेही ठेवणीतले निळे कपडे घातले होते. "पिल्लूला हा रंग आवडतो," ती धाकट्या बहिणीला म्हणाली.

पिल्लू म्हणजे ताईचा एकुलता एक मुलगा. बापाच्या डोक्यावरून उंची गेली तरी घरात नाव पिल्लूच राहिलं. गेल्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर तलावावर पोहायला गेला, तो परत आला नाही. 'आवडतो' हा शब्द धाकटीला टोचला. पण ताईने बरेच दिवस मागे लागून तिला आणलं होतं, आणि यायचं तर तोंड बंद ठेवून यायचं, अशी अट घातली होती.

आत अंधार होता. भिंतभर पडदा, त्याच्यासमोर यंत्रातून सोडलेला पांढरा धूर. धुरातून महाराज आले. पांढरा झगा, कॉलरला माइक, आवाजात मध.

"आत्म्याला वाणी नसते, लेकरांनो. वाणी देहाबरोबर जाते. म्हणून 'का' विचारू नका, 'कसं' विचारू नका. मान हलवून उत्तर देता येईल तेवढंच विचारा. आणि परीक्षा घेऊ नका. परीक्षेने आत्मा दुखावतो."

मोठाच सोयीचा आत्मा, धाकटीच्या मनात आलं. शाळेतल्या चूक-बरोबरच्या पुढे याचा अभ्यासच झालेला नाही. शिवाय आत्म्याला घरचा रस्ता सापडावा म्हणून प्रत्येक कुटुंबाने गेलेल्या माणसाचे व्हिडिओ आधी महाराजांकडे जमा करायचे होते. एवढ्या मोठ्या परलोकातून यायचं तर वाट दाखवायला काहीतरी हवंच.

ताईचा नंबर आला. पडद्यावरचा धूर विरळ झाला आणि त्यातून पिल्लूचा चेहरा वर आला. भिंतीएवढा, फिकट, मागे नुसतं पांढरं. धाकटी खुर्चीत पुढे सरकली. एक क्षण तिलाही वाटलं, की हाक मारावी.

"पिल्लू, बरा आहेस ना रे?" ताईने विचारलं.

चेहऱ्याने सावकाश मान डोलावली. सभागृहातून सुस्कारा उठला.

"बाळा, माझ्या छातीत गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, लगेच कापून काढायची. काढू का?"

पिल्लू तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने डावीकडून उजवीकडे, हळूच मान हलवली. नाही.

ताईने हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं समाधान होतं. आणि शेजारी बसलेल्या धाकटीच्या ते मान हलवणं ओळखीचं होतं.

धाकटी सिनेमाची संकलक होती. लोकांनी उन्हापावसात चित्रित केलेले तुकडे तिच्या अंधाऱ्या खोलीत येत आणि ती ते कापून, जोडून त्यांची गोष्ट करत असे. पिल्लू गेल्यावर तिने त्याचे सगळे व्हिडिओ गोळा करून ताईसाठी एक छोटी फिल्म बनवायला घेतली होती. ती पुरी झालीच नाही. दरवेळी मध्येच डोळे भरून येत. पण त्याचा एकेक शॉट तिला पाठ झाला होता. कपाळावर चिकटलेले ओले केस, दाढी करताना कापलेल्या हनुवटीवरची चिकटपट्टी, पडद्यावर तेच होतं. तो शॉट तिनेच घेतला होता, ताईच्या जेवणाच्या टेबलावर, त्याच्या वाढदिवशी. आता मात्र मागची भिंत पुसलेली होती, वेग कमी केलेला होता. मान हलवल्यावर पिल्लू हसतो. ते हसू यायच्या जरा आधीच कुणीतरी कात्री चालवली होती.

घरी गेल्यावर तिने ताईला सांगितलं. समजावून सांगितलं, अगदी आपल्या कामातलं उदाहरण देऊन. एका सिनेमात नायिकेला वडिलांच्या मृतदेहाकडे बघून रडू आवरायचं होतं आणि ते काही केल्या तिला जमत नव्हतं. शेवटी धाकटीने तिचा भलताच शॉट उचलला. त्यात ती बाई जेवणाची सुट्टी कधी होते म्हणून दाराकडे बघत होती. तो तुकडा मृतदेहाच्या शॉटनंतर लावला आणि थिएटरात लोक ढसाढसा रडले. "चेहरा काहीच सांगत नसतो ताई. आधी जे दाखवलं असेल, ते आपण त्याच्यावर वाचतो. तुझा प्रश्न हाच तिथला आधीचा शॉट आहे."

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला मूल नाही. तुला नाही कळायचं."

भावजी दाराशी उभे होते. त्यांनी धाकटीला बाहेर नेलं आणि हळू आवाजात विनवलं, की राहू दे. आता कुठे ती रात्रीची झोपायला लागली आहे. डॉक्टरांचं काय, असं धाकटीने विचारलं, तर ते आत निघून गेले. मूळ व्हिडिओ बघायला ये म्हणून धाकटीने ताईला पुष्कळ आर्जवं केली. ताईने फोन उचलणं बंद केलं. आठवडे उलटत गेले आणि गाठ आपलं काम करत राहिली.

शेवटी धाकटीने तिच्याबरोबर काम करणाऱ्या ध्वनिमुद्रकाला गाठलं. हा गृहस्थ चांगला धडधाकट, शिवाय त्याची बायको वस्ताद. तिने पांढरे कपडे घातले, सेवकांसमोर डोळे पुसले आणि दिवंगत पतीचा व्हिडिओ जमा केला.

त्या दिवशी ताई पुढच्या रांगेत होती. धाकटी मागे, अंधारात.

धुरातून ध्वनिमुद्रकाचा चेहरा वर आला. बायको उठून उभी राहिली. "अहो, तिकडे तरी घोरणं थांबलं का?"

चेहऱ्याने मान डोलावली. रडता रडता लोक हसले.

"आणि तुम्ही माझ्या जवळच आहात ना?"

पुन्हा होकार.

"हे मात्र खरं आहे," ती महाराजांकडे वळून म्हणाली. "मागच्या रांगेत बसलेत."

ध्वनिमुद्रक उभा राहिला. त्याने नमस्कार केला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

महाराज मुरलेले होते. ते मंद हसले. जिवंत माणसाचा आत्माही कधीकधी देह सोडून फिरायला निघतो, असं त्यांनी सांगितलं. या भाग्यवान गृहस्थांचा आज निघाला होता. आणि निम्म्या सभागृहाने सुटल्यासारख्या माना डोलावल्या. लोकांना फसायचं नव्हतं. पण त्यांना आपलं माणूस पुन्हा गमवायचंही नव्हतं.

तोवर धाकटी पडद्यामागे पोचली होती. तिथे संगणकासमोर तिच्याच पेशातला एक टकला माणूस बसला होता. कीबोर्डवरच्या चार बटणांवर रंगीत कागद चिकटवले होते. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, पिवळं म्हणजे हसू, पांढरं म्हणजे नुसतं बघणं. समोर बारीक आवाजात सभागृहातले प्रश्न ऐकू येत होते. एवढाच परलोक.

"मी पिल्लूची मावशी," ती म्हणाली. "त्याचा पूर्ण शॉट लावा. आवाजासकट."

त्या माणसाने एकदा तिच्याकडे ओशाळून बघितलं, आणि खुर्ची मागे सरकवून तिला जागा दिली.

पडद्यावर जेवणाचं टेबल उगवलं. मागे पिवळी भिंत, खिडकी, पाण्याचा जग. पिल्लू ओल्या केसांनी जेवत होता. पडद्याबाहेरून ताईचाच आवाज आला, "अजून वाढू का?"

पिल्लूने मान हलवली. डावीकडून उजवीकडे. मग तो हसला आणि म्हणाला, "बास गं आई. पोट फुटेल माझं."

त्याचा आवाज सभागृहभर घुमला. किंचित घोगरा, नुकता फुटलेला. वर्षभर ताईने तो ऐकला नव्हता, कारण आत्म्याला वाणी नसते. वाणी असती, तर मूळ प्रश्न उघडा पडला असता.

"पुन्हा लाव," ताईचा आवाज आला.

धाकटीने पुन्हा लावला. आणि पुन्हा. लोक एकेक करून उठत होते. काही सेवकांशी भांडत होते, आपले व्हिडिओ परत मागत होते. काहींनी जाताना धाकटीला शिव्या घातल्या. महाराज मागच्या दाराने कधी गेले, कुणाला कळलं नाही.

सभागृह रिकामं झाल्यावर धाकटी ताईशेजारी जाऊन बसली. ताई ओरडली नाही, रडलीही नाही.

"आज मी त्याला विचारणार होते," ती म्हणाली, "बुडताना तुला भीती वाटली का म्हणून. इतके दिवस धीर होत नव्हता." मग रिकाम्या पडद्याकडे बघत, "आता कुणाला विचारू?"

 धाकटीने ताईचा हात धरला.

शस्त्रक्रिया त्याच महिन्यात झाली. डॉक्टरांनी गाठ काढली, पण तोवर ती इतरत्र पसरली होती. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच आला असतात तर, एवढं बोलून ते थांबले. ताई पुढचा उन्हाळा पाहू शकली नाही. शेवटच्या दिवसांत ती धाकटीवर रागावलेली नव्हती. एकदा तर म्हणाली, की त्याचा आवाज ऐकवलास ते बरं केलंस. भावजी मात्र अजून धाकटीच्या नजरेला नजर देत नाहीत. स्वतःच्याही देत नसावेत.

महाराज दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाने उभे आहेत, असं कळतं. म्हणून धाकटी आता सुट्टीच्या दिवशी संगणक घेऊन शाळांत, सभागृहांत जाते आणि समोर बसलेल्या कुणाही जिवंत माणसाचा आत्मा त्याच्यादेखत बोलावून दाखवते. हिरवं बटण, लाल बटण. लोक आधी चकित होतात, मग हसतात.

एकदा एका बाईंनी उठून विचारलं, की तुमची बहीण त्या महाराजांकडे सुखी होती ना, मग ते सुख मोडून तुम्ही काय मिळवलंत?

धाकटीने संगणक मिटला.

"तिच्या गाठीला तिच्या सुखाशी काही देणंघेणं नव्हतं," ती म्हणाली. "ती वाढतच होती. तुमच्या माणसाचे व्हिडिओ घरी बघा. पूर्ण बघा, आवाजासकट. रडू आलं तर रडा, मीही रडते. पण गेलेलं माणूस तुमच्या प्रश्नाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ते म्हणतं असं जो सांगेल, त्याच्या पडद्यामागे जाऊन एकदा बघा. आणि छातीत गाठ हाताला लागली, तर डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दिवशी."