दर दहा सेकंदांचं आकाश

थोरले बाइके, म्हणजे माझे मोठे दीर, अंगणात शिरले तेव्हा त्यांची उजवी बाही कोपरापर्यंत लाल होती. मी दोरीवर लंगोट वाळत घालत होते. आधी वाटलं, कुणाकडे तरी मेंढी कापून आले. पण मेंढी कापून आलेला माणूस असा धापा टाकत नाही.

"जोमार्त कुठाय?"

"छपरावर आहे, बाइके."

"उतरव त्याला. आणि तो डोळा फोडून टाक म्हणावं."

डोळा म्हणजे आमच्या छपरावरचा कॅमेरा. काचेच्या एका छोट्या घुमटाखाली तो वर तोंड करून बसलेला असतो आणि दर दहा सेकंदांनी अख्खं आकाश एका गोल चित्रात घेतो. उल्का टिपण्यासाठी माझ्या नवऱ्याने तो बसवला. जोमार्त गावच्या शाळेत गणित शिकवतो, पण त्याचा खरा धंदा मतं बाळगण्याचा. दुर्बिणीचा आरसा विकत आणू नये, हाताने घासावा. ज्या प्रोग्रामचं पोट उघडून बघता येत नाही, तो घरात घेऊ नये. ज्याची दुसरी प्रत नाही, ते आपलं नव्हेच. आणि या सगळ्यांच्या वर एक: मूळ नोंद कधीही पुसायची नाही. ही मतं तो बिश्केकपासून अल्माटीपर्यंतच्या आपल्यासारख्याच पंधरावीस वेड्यांना लांबलचक लिहून पाठवतो. त्यातले तिघं वाद घालतात, बाकीचे वाचत नाहीत.

मी ओशच्या कॉलेजात संगणकच शिकले. म्हणून लग्नानंतर लगेच मी त्याला म्हटलं होतं, दिवसा तरी हा कॅमेरा बंद ठेवू या. तो म्हणाला, "दिवसासुद्धा उल्का पडतात, बुरुलाय. आपल्याला दिसत नाहीत, एवढंच." माझं आपलं एकच मत होतं. प्रत्येक यंत्राला बंद करायचं बटण असावं आणि ते बाईचा हात पोचेल इतक्या उंचीवर असावं. ते कुणी विचारलं नाही.

जोमार्त शिडीवरून उतरला. हातात घुमट पुसायचं फडकं होतं. भावाची बाही बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"खालच्या गावचा एर्किन," थोरले म्हणाले. "आज पाणी आपलं होतं. त्याने पाटाच्या दाराला हात घातला. लागलंय त्याला."

"किती लागलंय?"

थोरल्यांनी बाहेरच्या नळाखाली हात धरला. पाणी गुलाबी होऊन माझ्या पुदिन्याच्या वाफ्यात गेलं.

"पाटाचं दार दिसतं ना रे तुझ्या त्या चित्रात?"

"अगदी काठाला. तांदळाच्या दाण्याएवढं."

"पूस."

"बाइके, मी कुणाला दाखवणार नाही. पण पुसणार नाही."

"कुणासाठी ठेवणार? चंद्रासाठी?"

"पुसत नसतो आपण. मूळ नोंद आहे ती."

थोरल्यांनी त्याच्या कानशिलात अशी लगावली की तो शिडीवर आदळला. मग ते आत गेले. मी सेझिमच्या पाळण्याकडे धावले. ती नऊ महिन्यांची आहे, आणि आमच्याकडे पाळण्यात मूल पट्ट्यांनी बांधून ठेवतात. मी पट्टे सोडून तिला कडेवर घेतलं. शेजारच्या खोलीत लॅपटॉप भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मग एक वेगळा, जाड, खोल आवाज. तो आरसा होता. मी पोटुशी राहायच्या आधीपासून जोमार्त अकरा महिने तो घासत बसला होता. दोन काचांमध्ये वाळू घालून, टेबलाभोवती फेऱ्या मारत. सेझिम जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला चकाकी आली.

"आता ठेव नोंद," असं म्हणून थोरले मागच्या जर्दाळूंच्या बागेतून निघून गेले. त्यांची पांढरी गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

थोरल्यांचं नाव मी अजून लिहिलेलं नाही. आमच्याकडे सून सासऱ्याचं आणि थोरल्या दिरांचं नाव तोंडातून काढत नाही. चार वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. जोमार्तचं घेते, त्यावरूनसुद्धा आपांनी, म्हणजे सासूबाईंनी, वर्षभर नाक मुरडलं होतं.

आपा सगळं दारातून बघत होत्या. फडकं ओलं करून त्या नळाखालचा दगड पुसायला बसल्या. "विचारलं कुणी तर तो सकाळपासून शहरात आहे," त्या म्हणाल्या. "ऐकलंस का, केलिन?" केलिन म्हणजे सून.

"आपा, पोलिसांना फोन करते."

"कर. सांग, दगड मारतायत."

"अजून कुणी मारत नाहीये."

"मारतील."

चौकीतल्या माणसाने जेवता जेवता फोन घेतला. अर्ध्या तासात येतो म्हणाला. पहिला दगड त्याच्याआधी आला. स्वयंपाकघराची खिडकी फुटली आणि पाळण्याच्या रजईवर काचा सांडल्या. सेझिम माझ्या कडेवर होती. मी तिच्या केसांत बोटं घालून काच शोधत राहिले, पुन्हा पुन्हा, नसताना.

आठजण होते. पुढे ओरोझाली, एर्किनचा बाप. साठीचा माणूस, डोक्यावर लग्नाला घालतात तशी स्वच्छ पांढरी टोपी, एका हातात लोखंडी गज आणि दुसऱ्या हातात कुदळ. कुदळ आमची होती. दांड्यावर आमच्या घराची खूण डागलेली, दोन रेघा आणि अर्धं वर्तुळ. पात्याला केस चिकटले होते.

"खूण तुमची," तो म्हणाला. "माझ्या पोराची कवटी फुटलीय. डॉक्टर म्हणतात, रात्र निघाली तर निघाली. या घरात कुदळ धरणारे हात किती?"

"एकच मुलगा घरी आहे," आपा म्हणाल्या. "दुसरा शहरात."

त्या काय बोलून गेल्या ते त्यांना बोलल्यावर कळलं. आठही माना जोमार्तकडे वळल्या. त्याचं कानशील सुजलेलं, ओठ फाटलेला, नुकताच मारामारी करून आलेल्या माणसासारखा.

"मास्तर?" एकजण हसला. "हा? हा तर चांदण्या मोजतो ना?"

"आज डोकी मोजली," दुसरा म्हणाला, आणि त्याने पहिला गज मारला.

गुडघ्यावर. जोमार्त खाली बसला तसा दुसरा खांद्यावर. हाडाचा आवाज मला आरशासारखाच वाटला, जाड आणि खोल. तो ओरडला नाही. "मी नव्हतो, अबा," एवढंच म्हणाला. म्हाताऱ्याला बाप म्हणून.

"मग कोण होतं?"

माझ्याकडे बघितलं त्याने, आणि मान अगदी थोडी हलवली. नको. कारण दुसरी प्रत कुठे आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. पिठाच्या पिंपामागे, काडेपेट्यांच्या पुड्याएवढा एक छोटा संगणक आहे. छपरावरचं प्रत्येक चित्र लॅपटॉपबरोबर तिथेही जातं. तो मीच लावला होता, बाळंतपणाच्या रजेत, त्याचा हट्ट म्हणून. थोरल्यांनी फोडलं ते वरवरचं होतं.

आयुष्यभर नोंद, नोंद करणारा माणूस तोंडात रक्त घेऊन मला नोंद लपवायला सांगत होता. भाऊ होता ना.

तिसरा गज बरगडीवर बसला. सेझिमने श्वास रोखला. ती रडायच्या आधी असा रोखते आणि मी दर वेळी मोजते: एक, दोन, तीन. पाचला ती रडली. मी आत गेले. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने फोन त्या छोट्या संगणकाला जोडला. थोरले अंगणात शिरले त्याच्या थोडं आधीची, एक वाजून नऊ मिनिटांपासूनची चित्रं उघडली. बोटाला पीठ लागलं होतं, पडदा ऐकेना. बाहेर चौथा आवाज झाला. पाचवा.

"थांबा!" मी ओरडले आणि थेट ओरोझालीच्या गजाखाली जाऊन उभी राहिले, मुलीसकट. "हे बघा. आधी हे बघा, मग मारा."

"बाजूला हो, पोरी. हात सुटला तर—"

"बघा म्हणते ना!"

त्याने बघितलं. गोल चित्र, मधोमध आकाश, आणि अर्ध्या आकाशावर जोमार्तचं नाक. नाक, हनुवटी, फडकं. घुमट पुसायला तो वाकला होता. कॅमेऱ्याने खालून त्याच्या नाकपुड्या टिपल्या होत्या, भोपळ्याएवढ्या. कुणीतरी मागून फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आता काठाला बघा. उजवीकडे."

मी चित्र मोठं केलं. पाटाचं दार. दोन माणसं, दाण्याएवढी. पुढच्या चित्रात कुदळ वर. त्याच्या पुढच्यात एकच माणूस उभा. त्याच्या पुढच्यात कुदळ पुन्हा वर, खाली पडलेल्यावर. आणि चारही चित्रांत जोमार्त आकाश पुसत होता.

ओरोझालीने ते पुन्हा मागे नेलं. स्वतःच्या बोटाने. एर्किन उभा, एर्किन नाही. उभा, नाही. मग गज खाली टेकवला.

"हा नव्हता," तो म्हणाला. "मग कोण, केलिन? चेहरा दिसत नाही. तू सांग."

"ती नाही सांगणार," आपा म्हणाल्या. आवाजात जवळजवळ अभिमान होता. "आमची सून आहे ती. तिच्या तोंडून निघणार नाही."

मलाही क्षणभर तसंच वाटलं, की निघणार नाही. मग मला ती दुसऱ्यांदा वर गेलेली कुदळ आठवली. खाली पडलेल्या माणसावर.

"तोलोगोन," मी म्हटलं. "तोलोगोनने मारलं."

आपांनी दोन्ही कान झाकून घेतले.

ते तीन गाड्यांतून गेले. पोलीस वीस मिनिटांनी आले, जोमार्तला गाडीत घालायला त्यांनीच मदत केली. खांदा आणि तीन बरगड्या. इस्पितळात तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाइके पूस म्हणाले, आणि मी पुसलं नाही." एर्किन जगला, पण अजून आपल्या मुलांची नावं त्याला जुळवावी लागतात.

त्या दुपारची पुढची चित्रं मी घरी आल्यावर बघितली. छपरावरचा डोळा चालूच होता, तो कुणी फोडला नव्हता. डाव्या काठाला पॉप्लरची रांग दिसते, तिथून पुलाकडे रस्ता जातो. पांढरी गाडी पुलापाशी उभी आहे. पाणी उकळलं असेल तिचं, नेहमी उकळतं. दहा सेकंद. मागून तीन गाड्या. दहा सेकंद. दाणे बाहेर पडतात. एक दाणा पळतो. बाकीचे त्याच्याभोवती गोल होतात. आणि तो गोल चौतीस चित्रं तसाच आहे.

मी एकूण एक बघितली. डॉक्टर नंतर म्हणाले, थोरल्यांचा उजवा हात कोपराखाली परत येणार नाही. आपा माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

तो छोटा संगणक पिंपामागेच आहे. बटण माझ्या हाताच्या उंचीवर आहे. पुसलेलं मी काही नाही.