उजवा उणे तेरा

"केस कुठे गेले तुझे?"

*

वेदीच्या कठड्यावर छत्तीस मोजे वाळत घातलेले. त्यांतले जोडीचे बावीस.

*

उजवा उणे तेरा.

*

बेकरीवाल्याने भट्टीचं लोखंडी दार वाचवलं. बाकीची बेकरी गेली. दार आता चर्चमध्ये दुसऱ्या बाकाखाली आहे, आणि कुणाचा पाय लागला की तो म्हणतो, "बघून चाला जरा. बेकरी आहे ती."

*

नन्स – अकरा – सुखरूप.

*

संत लुसीच्या पुतळ्याच्या हातात ताटली आहे आणि ताटलीत दोन दगडी डोळे. बुधवारपासून त्यांच्या सोबतीला चौदा चष्मे.

*

आता नीट सांगतो.

मी चष्मे करतो. पूर मंगळवारी पहाटे आला. माणूस झोपेतून उठून पळतो तेव्हा मूल उचलतो, कागदपत्रं उचलतो, एखादा भट्टीचं दार उचलतो. चष्मा उशाशी राहतो. माझं दुकान चढावर असल्याने कोरडं होतं. बुधवारी सकाळी फादर दारात उभे राहिले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"माझ्याकडे दोनशे माणसं मुक्कामाला आहेत," ते म्हणाले. "त्यांतल्या निम्म्यांना हातातल्या पेल्यात चहा आहे की सूप, ते तोंडाला लावल्याशिवाय कळत नाही. यंत्र घेऊन चल."

"मी चर्चमध्ये येत नाही, फादर."

"तू ये असं कोण म्हणतंय? यंत्र आण. यंत्राबरोबर एक माणूस लागेलच."

वेदीमागच्या खोलीत, जिथे फादरांचे मिस्सेचे, म्हणजे रविवारच्या उपासनेचे झगे टांगलेले असतात, तिथे मी काच घासायचं चाक बसवलं. कोरड्या घरांतल्या लोकांनी जुने चष्मे दोन पोती भरून आणून दिले. वारलेल्या सासऱ्यांचे, परदेशी गेलेल्या दिरांचे. एक तर नाटकातला होता, त्याला काचाच नव्हत्या. मी प्रत्येकाचा नंबर मोजायचो, जुळला तर तसाच द्यायचो, नाही तर दुसरी काच घासून बसवायचो. तयार झालेला चष्मा लुसीच्या ताटलीत. ती डोळ्यांची संत, तिची हरकत नसावी.

आणि ताई सापडत नव्हती.

*

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राहते एकटी, नदीला लागून असलेल्या गल्लीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर. चष्म्याशिवाय तिला स्वतःचा तळहात नाकाला टेकवल्यावर दिसतो.

चार वर्षांपूर्वी मी बायकोला पुरून आलो त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "रविवारी मिस्सेला ये. बरं वाटेल."

मी म्हणालो, "तुझा देव तुझ्याकडे ठेव. आणि तूही तिकडेच राहा."

दुसरं वाक्य उगाच होतं. तेव्हापासून ना चर्च, ना ताई. एकाच गावात राहून चार वर्षं न भेटणं सोपं नसतं. त्यासाठी कुठल्या वेळी कुठल्या रस्त्याने जायचं याचा नीट अभ्यास लागतो. दोघांनीही तो केला. लांबून एकदा दिसली तेव्हा तिच्या चष्म्याची डावी दांडी दोऱ्याने बांधलेली होती. त्याच आठवड्यात मी तिच्या नंबरचा नवा चष्मा केला, डबीत घातला आणि डबी ड्रॉवरमध्ये टाकली. बुधवारी यंत्र उचललं तेव्हा डबीही उचलली.

*

बेकरीवाल्याला विचारलं.

"पाणी आलं तेव्हा तिच्या खिडकीत दिवा होता," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "मी हाक मारली. दोनदा मारली. पण मी तेव्हा दार सोडवत होतो."

"मग?"

"मग काय? दार सुटलं."

त्याचाही चष्मा गेला होता. मी म्हटलं, बस, नंबर बघतो. तो म्हणाला, आधी बाकीच्यांचं होऊ दे. गुरुवारीही तेच. शुक्रवारी सकाळी तो मला बघून खांबाआड गेला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर बसला.

*

चर्चच्या दारावर रोज सकाळी यादी लागायची. कुठल्या शाळेत कोण, कुठल्या दवाखान्यात कोण. फोन बंद, पूल बंद, त्यामुळे बंबवाल्यांची होडी पलीकडच्या काठावरून जे लिहून आणेल तेवढंच खरं. मी वरपासून खालपर्यंत वाचायचो, मग खालून वर. ताईचं नाव नाही. चौथ्या ओळीत होतं, पलीकडची शाळा, नन्स, अकरा, सुखरूप. ती ओळ वाचून दर वेळी वाटायचं, बरं झालं, आणि बोट पुढे सरकायचं.

*

गुरुवारी दुपारी फादर आपला चष्मा घ्यायला आले आणि गेलेच नाहीत. स्टुलावर बसले.

"बोलायचंय?" त्यांनी विचारलं.

"कन्फेशनच्या खोक्यात लंगोट वाळतायत."

"म्हणून तर इथे बसलो. तू काच घास, मी ऐकतो."

चाकावर पाण्याची धार सोडावी लागते, नाहीतर काच तडकते. त्या आवाजात माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सांगता आलं. ते दुसरं वाक्य सांगितलं. खिडकीतल्या दिव्याचं सांगितलं. म्हटलं, फादर, माझ्याकडून तिने ऐकलेलं शेवटचं ते आहे.

फादरनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून माळेचं एक दशक म्हण. दहा 'नमो मरिया', जास्त नकोत, तुझी सवय गेलीय. आणि शेवटचं शेवटचं म्हणत बसू नकोस. ते ठरवायचं काम तुझ्याकडे दिलेलं नाही."

"आणि ती गेली असेल तर?"

"तर ज्याच्याकडे ती गेली, तो हे ऐकतोय. त्याला तू चार वर्षं शिव्या देतोयस. तो अजून उठून गेलेला नाही."

त्यांनी हात उचलून क्षमा दिली. मग नवा चष्मा लावून भिंतीवरच्या झग्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "केवढा डाग आहे त्या जांभळ्यावर. मला वर्षभर कुणी बोललं नाही."

ते गेल्यावर मी चाक बंद केलं आणि हसलो. पुरानंतर पहिल्यांदाच. सापडलं काहीच नव्हतं, पण छातीवरचं काहीतरी फादर स्टुलावरून उठताना बरोबर घेऊन गेले होते. दशक मात्र म्हणायचं राहून गेलं. समोर अकरा जण रांगेत होते.

*

पलीकडच्या काठावर डोळे तपासायला मोठ्या हॉस्पिटलमधून एक बाई आल्या होत्या. गावात नव्या, कुणालाच ओळखत नव्हत्या. भिंगांची पेटी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायच्या आणि चिठ्ठ्या होडीतून माझ्याकडे पाठवायच्या. नावं विचारायला त्यांना वेळ नव्हता. जागा, माणूस, नंबर, बस.

शुक्रवारी दुपारी प्लास्टिकच्या पिशवीतून एकवीस चिठ्ठ्या आल्या. अठरावी अशी:

शाळा. खोली तीन.
नन, अकरावी.
उजवा उणे तेरा.
डावा उणे साडेनऊ, सिलिंडर सव्वादोन, अक्ष पस्तीस.

मी चिठ्ठी ताटलीत ठेवली, लुसीच्या डोळ्यांशेजारी, आणि हात पुसले. हात कोरडेच होते.

ताईचा हा नंबर मी विसाव्या वर्षापासून घासतोय. पहिली काच वडिलांच्या देखरेखीखाली घासली आणि तडकवली, तीही याच नंबरची. गावात असे डोळे दुसरे असते तर माझ्याचकडे आले असते. राहिल्या नन्स. तर त्यांच्या मठात दहा जणी आहेत. दहाही जणींची कार्डं माझ्या कपाटात आहेत, आणि सर्वांत जाड चष्मा मदर सुपीरियरचा, उणे सहा.

फादर वरणाच्या पातेल्याजवळ होते.

"फादर, नन्स किती आहेत आपल्याकडे?"

"दहा."

"यादीत अकरा आहेत."

त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "पुरात कुणी दीक्षा घेत नाही," ते म्हणाले, आणि पळी माझ्या हातात देऊन होडीकडे धावले. पळी घेऊन मीही.

*

होडीत फक्त औषधं आणि डॉक्टर, असा हुकूम होता. बंबवाल्यांचा प्रमुख माझ्या हातातल्या पळीकडे बघत होता.

"हे कोण?"

"हे डोळ्यांचे आहेत," फादर म्हणाले.

"डॉक्टर?"

"डोळ्यांचे आहेत एवढंच मी म्हणालो."

प्रमुखाने थोडा विचार केला, मग पळी काढून घेतली आणि म्हणाला, बसा.

पाणी चहाच्या रंगाचं होतं, आणि त्यातून एक खुर्ची शांतपणे उलटी निघाली होती. मला राहिलेलं दशक आठवलं. माळ नव्हती, बोटांवर सुरू केलं. चौथ्या 'नमो मरिया'ला मधले शब्द गेले. पाचव्यालाही गेले. सहाव्याला तोंडाने माझी वाट न बघता म्हणून टाकलं, आणि सातवं आईच्या आवाजात आलं, ती जशी घाईघाईने म्हणायची तसं. चिठ्ठी चुकली असेल, बाईंनी तीनच्या जागी तेरा लिहिलं असेल, असं सारखं मनात येत होतं. पण दहा पूर्ण होईपर्यंत मी त्याच्याकडे लक्ष द्यायला मोकळा नव्हतो. दहावं संपलं तेव्हा होडी शाळेच्या पायरीला लागली.

*

खोली तीन. बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर अकरा अंथरुणं, फळ्यावर अजून सात गुणिले आठ. आम्ही आत गेलो तेव्हा दहा चेहरे वर झाले. अकरावी मान खाली घालून माळेचे मणी सरकवत होती. झगा तिला आखूड होता, घोटे उघडे. डोक्यावरचं वस्त्र कानावर कलंडलेलं.

"कोण आलंय?" तिने विचारलं.

"चष्मेवाले," मदर सुपीरियर म्हणाल्या.

"कुठले चष्मेवाले?"

मी तिच्यासमोर खाली बसलो, डबी उघडली, चष्मा तिच्या नाकावर ठेवला. कानामागे दांड्या बघितल्या, जशा कुणाच्याही बघतो. उजवी जरा लांब पडत होती. तिने डोळे मिटून घेतले होते. मग उघडले. माझ्याकडे बघितलं, कपाळ, त्याच्या वर, आणखी वर.

"केस कुठे गेले तुझे?"

"पुरात गेले."

"म्हणजे डोक्यावरून पाणी गेलं."

आणि तिने माझा कान पकडला, लहानपणी पकडायची तसा, आणि सोडलाच नाही. आम्ही दोघं तसेच बसलो. मदर सुपीरियरनी बाकीच्यांना खिडकीबाहेर काहीतरी दाखवायला नेलं. खिडकीबाहेर भिंत होती.

*

सोमवारी संध्याकाळी ती वेदीची वस्त्रं शिवायला मठात गेली होती. पावसामुळे तिथेच झोपली. पहाटे पाणी शिरलं, चष्मा गेला, कपडे भिजले, तिच्या अंगावर एका सिस्टरचा कोरडा झगा चढवला. होडीवर यादी करणारा होता.

"मी त्याला तीनदा सांगितलं, मी नन नाही," ताई म्हणाली. "तो म्हणाला, हो सिस्टर, बसा."

"आणि खिडकीतला दिवा?"

"विसरले बाई. वीज गेली म्हणून बिल वाचलं, नाहीतर अजून जळत असता."

मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी दुसरं जे म्हणालो..."

"दुसरं कोणतं?"

"ते... तूही तिकडेच राहा."

"असं म्हणालास? मी पहिल्यालाच इतकी रागावले की पुढचं ऐकलंच नाही."

हे खरं की खोटं, मला अजून ठाऊक नाही. पुढच्या शनिवारी ती पापनिवेदनाला गेली होती. कशासाठी, ते फादर सांगत नाहीत.

*

रविवारी मिस्सा झाली, अंथरुणांच्या मधोमध. कठड्यावरचे मोजे फादरनी आधी काढायला सांगितले, मग म्हणाले राहू देत. मी शेवटच्या खांबाजवळ उभा राहिलो, ताई शेजारी, स्वतःच्या वाळलेल्या कपड्यांत. शंभरेक माणसं गीतांची पुस्तकं हातभर लांब धरून नव्या चष्म्यांतून वाचत होती, आणि प्रत्येकाला बऱ्याच दिवसांनी अक्षरं लागल्यामुळे सगळे जरा जास्तच मोठ्याने गात होते. मीही गायलो. कुणी मागे वळून बघितलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मिस्सेनंतर बेकरीवाला ताईसमोर येऊन उभा राहिला.

"मी दोनदा हाक मारली होती," तो म्हणाला.

"मी घरात नव्हतेच रे. तिसरी मारली असतीस तरी वाया गेली असती."

तो तसाच उभा. मग माझ्या स्टुलावर जाऊन बसला आणि म्हणाला, बघ नंबर. अधिक अडीच निघाला. ताटलीत तयार होता. चष्मा लावून तो दुसऱ्या बाकाखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"गंजलंय की," तो म्हणाला.

"घासता येईल," मी म्हटलं.

*

सोमवारी, पुराच्या आदल्या दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी ड्रॉवरमधली डबी काढून ताईच्या चष्म्याचे स्क्रू आवळून ठेवले, जणू तो उद्याच द्यायचा होता.