न सरणारं पोतं

सावद्याच्या शिवारात शालिग्राम आबांइतका युरियावर जीव लावणारा माणूस दुसरा नव्हता. केळीची पानं गर्द हिरवी दिसली की आबांची छाती फुगायची. त्या हिरव्याखाली घड किती भरला, हे बघायची त्यांना गरजच वाटत नसे. कोणी पोटॅशचं नाव काढलं की म्हणायचे, "लाल चटनी! ती टाकून पान हिरवं होते का? नही ना? मंग?"

चाळीस वर्षं हे खपून गेलं. यंदा मात्र कृषी पदविका घेतलेली मोनाली सून म्हणून घरात आली आणि आबांच्या बायकोला, कुंदाबाईंना, हक्काचा वकील मिळाला.

"आबा, युरियानं पान वाढतं," मोनालीने जेवताना सरळ सांगितलं. "पण पानात तयार झालेलं अन्न घडापर्यंत पोचवायला पोटॅश लागतं. ते नसलं तर केळं भरत नाही, गोड होत नाही, आणि झाड वाऱ्यात टिकत नाही."

"माही माय चुलीतली राख केळीच्या बुडाशी टाके," कुंदाबाईंनी पुस्ती जोडली. "राखीतबी हेच राह्यते. तुमीच तिले हसले."

शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. बांधाकडची एक ओळ कुंदाबाईंची, तिला पोटॅशही. शेजारची आबांची, तिला नुसता युरिया. ज्याचा घड जड, तो पुढच्या लागवडीचं खत ठरवणार. पंच म्हणून शेजारचे तोताराम नाना. आबा ऐटीत हो म्हणाले खरे, पण ज्या माणसाने बायकोला खताच्या दुकानाची पायरी कधी चढू दिली नव्हती, त्याने घरातली सत्ताच पणाला लावली होती.

लागवडीनंतर पाचव्या महिन्यात एका दुपारी वावटळ आली. आबांच्या ओळीतली चार झाडं कमरेतून मोडली. कुंदाबाईंची ओळ जागची हलली नाही. आबांनी दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा न्याहाळल्या.

पुढच्या गुरुवारी सासू-सून भजनाला गेल्या आणि आबा बादली घेऊन शेतातल्या खोलीत शिरले. कोपऱ्यात मोनालीने कुंदाबाईंच्या ओळीसाठी आणलेलं पोटॅशचं पोतं होतं. आबांनी बादली भरली, आपल्या ओळीत खोडाभोवती गोल करून मुठी टाकल्या, वर माती ओढली आणि हात धुऊन पारावर जाऊन बसले. तिथे त्यांनी तोताराम नानांना युरियाचे गुण अर्धा तास ऐकवले.

मग दर गुरुवार असाच गेला. गंमत म्हणजे पोतं काही सरेना. आबांना वाटलं, बायको ध्यान देत नाही, आपलं नशीब जोरावर आहे. मग कंजूषपणा कशाला? शेजारच्या ओळीला टाकलं, तिच्या शेजारच्या ओळीला टाकलं, आणि केळी निसवून घड बाहेर पडेपर्यंत अख्ख्या बागेला लाल मुठी पोचल्या.

कापणीच्या दिवशी नानांनी काटा टांगला. कुंदाबाईंचा घड पंचवीस किलो भरला. आबांचा सव्वीस.

"आबा जिकले!" नाना ओरडले.

"पाह्यलं?" आबांनी मिशीवर बोट फिरवलं. "निव्वळ युरिया!"

कुंदाबाई शांतपणे झाडाखाली गेल्या आणि पिशवीतून एक धोतर काढून सगळ्यांसमोर झटकलं. खालचा काठ विटकरी डागांनी माखलेला होता.

"हे धोतर घरी कोन धुते?" त्यांनी विचारलं. "दर शुक्करवारी मोरीत लाल पानी वाह्यते. युरिया कधीपासून लाल झाला?"

आबांचा हात मिशीवरच थांबला.

"आन् पोतं सरत नही, याचं नवल नही वाटलं? मी तीनदा भरलं," कुंदाबाई म्हणाल्या. "एका ओळीनं माह्यं काय होनार होतं? मले सारी बाग भराची होती. सांगून तुमी टाकलं नसतं. चोरून टाकलं."

मोनाली तोंडाला पदर लावून हसत होती. नाना काट्याकडे बघून म्हणाले, "मंग पंचानं आता निकाल काय द्यावा?"

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण समोर अख्खी बाग घडांच्या ओझ्याने वाकून उभी होती. अशी बाग त्यांनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि आनंद काही केल्या लपेना.

त्यांनी कुंदाबाईंच्या हातातून धोतर ओढून घेतलं आणि ते पुटपुटले, "पुढच्या लागवडीले मले एखादं जुनं धोतर काढून ठेव."